वर्गात नाही

सेलू,
५ फेब्रुवारी २०२५

चि. संघप्रिया हिस आशीर्वाद.

हे अक्षर ओळखशील. सोळा वर्षांपूर्वी दहावीच्या फळ्यावर रोज पाहिलेलं आहेस. मी व्यंकटराव, तुझा इंग्रजीचा शिक्षक. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली. तुझा पुण्याचा पत्ता वर्तमानपत्राच्या कचेरीतून मिळवला. ते फोन नंबरही देत होते. मी घेतला नाही. फोनवर माणूस नको ते बोलून जातो.

तुझं शब्दांवरचं सदर मी दर रविवारी वाचतो. इंग्रजी शब्दाच्या पोटात कोणता लॅटिन शब्द दडला आहे ते तू सोपं करून सांगतेस. पाल्हाळ नाही. पालिकेच्या वाचनालयात त्या पानासाठी लोक थांबतात. म्हणजे मी थांबतो.

या रविवारचा शब्द ‘एक्झाम’. तू लिहिलंस की त्याचं मूळ लॅटिन ‘एक्झामेन’, आणि एक्झामेन म्हणजे तराजूच्या दांडीच्या मधोमध असतो तो काटा. दोन्ही पारडी सारखी झाली की सरळ उभा राहणारा. परीक्षा हा अर्थ त्याला मागाहून चिकटला. इथपर्यंत बरोबर. पुढे तू लिहिलंस: ‘हा शब्द मला वर्गात नाही, मोंढ्यात कळला. दत्तराव मापाडी यांच्या तराजूपाशी.’

वाक्य चांगलं आहे. खरं नाही.

तो शब्द तुला मी सांगितला. जानेवारीचा महिना होता, तिसरा तास होता. तू खिडकीकडच्या दुसऱ्या बाकावर बसायचीस. मी फळ्यावर शब्द लिहिला, त्याखाली लॅटिन लिहिलं. इतर मुलं लिहून घेत होती. तू लिहीत नव्हतीस, बघत होतीस. शिक्षकाला असे दोन-तीन चेहरे जन्मभर पुरतात.

सदराखाली छापलंय की या लेखांचं पुस्तक येणार आहे. वर्तमानपत्र रद्दीत जातं, पुस्तक राहतं. म्हणून लिहितो. ‘वर्गात नाही’ हे दोन शब्द काढ आणि तिथे माझं नाव घाल. नुसतं ‘आमचे इंग्रजीचे सर’ म्हटलंस तरी सेलूत लोक ओळखतील. पण नाव घातलेलं बरं.

दत्तरावांविषयी माझ्या मनात काही नाही. धान्याच्या बाजारात जन्मभर माप करणारा भला माणूस. पण पोती मोजताना एकला एक न म्हणता ‘लाभ’ म्हणणारा माणूस तुला लॅटिन कुठून सांगणार? मी चौतीस वर्षं शिकवलं. एवढ्या वर्षांत एक मुलगी शब्दांच्या वाटेने गेली, आणि तिने नाव घेतलं मापाड्याचं. दोन दिवस झाले, वाचनालयात गेलो नाही. तिथे कुणीतरी विचारेल, ही तुमचीच विद्यार्थिनी ना, सर.

उत्तराची वाट पाहतो.

तुझा शिक्षक,
व्यंकटराव

ता. क. हे पत्र सौ. पद्मजाने वाचलं. म्हणते, “लॅटिन काय तुमच्या आजोळचं आहे, एवढा हक्क सांगायला?” तिला यातलं कळत नाही.


सेलू,
१५ फेब्रुवारी २०२५

चि. संघप्रिया,

तुझं उत्तर आलं. चार ओळी. ‘सर, पुस्तकाचा मजकूर मार्चअखेर द्यायचा आहे. तुम्ही सांगाल तसा बदल करीन, शब्दही फिरवणार नाही. फक्त त्याआधी एकदा दत्तरावकाकांना भेटून या.’

मी ते चार वेळा वाचलं. मी सर, ते काका. शाळेतही असंच असणार. तेव्हा लिहून समोर आलं नव्हतं इतकंच.

तू ‘सांगाल तसा’ म्हणालीस, ते मला आवडलं नाही. तू वाद घालशील असं वाटलं होतं. मी तयारी केली होती. माळ्यावरून २००८-०९ ची टाचणवही काढली. शिक्षक रोज काय शिकवणार ते त्यात लिहितो, मुख्याध्यापक सही करतात. माझ्या वह्या कधी कोऱ्या राहिल्या नाहीत. सोळा जानेवारीच्या पानावर तो शब्द आहे. तारीखवार, लाल शाईत सहीसकट. पुढे लॅटिन क्रियापद, पुढे अर्थ: वजन करणे.

काट्याचा उल्लेख नाही.

त्याने काही सिद्ध होत नाही. टाचण म्हणजे तोंडातून निघालेला प्रत्येक शब्द नव्हे. वजन म्हटलं की काटा आलाच. मी बोलताना सांगितला असणार.

आमची मैत्रेयी आता नाशिकला असते. तुम्ही दोघी एका बाकावर बसायचात. त्या वर्षी ती शाळेत पहिली आली, तू दुसरी. तीन गुणांचा फरक होता. आता तुमचं बोलणं होतं की नाही, मला माहीत नाही. ती तुझं सदर वाचते का, हेही मी विचारलेलं नाही.

तुझी आई सगुणाबाई गेल्याचं उशिरा कळलं. मोंढ्यात सांडलेलं धान्य झाडून, पाखडून तिने तुला शिकवलं, हे तू एका लेखात लिहिलंच आहेस. तिथेही दत्तराव आहेत. ते तिला मापाखालचं धान्य उचलू द्यायचे, वगैरे. तुझ्या सदरात ते आतापर्यंत तीनदा आले. शाळा एकदाही आली नाही.

तू म्हणतेस म्हणून भेटून येईन.

व्यंकटराव


सेलू,
२४ फेब्रुवारी २०२५

चि. संघप्रिया,

काल गेलो होतो. मोंढ्यामागची गल्ली पुष्कळ बदललीय. घर सापडायला वेळ लागला नाही. “दत्तराव मापाडी” म्हटल्यावर तिघांनी एकदम बोट केलं. माझं घर विचारलं तर लोक “कोणते सर?” म्हणतात.

ते ओट्यावर बसले होते. पंच्याहत्तरी ओलांडली असेल. मला पाहून उठायला लागले.

“या सर, या. लय दिसांनी. पंचफुले, खुर्ची आण गं.”

पंचफुला त्यांची सून. तिने खुर्ची आणली, पाणी आणलं. म्हाताऱ्याला विचारलं, तराजू कुठे आहे. म्हणाले, “भंगारात गेला. आता समदं बटनाचं हाय. आकडा लाल अक्षरात येतो, काट्याकडं कोण बघायलंय?” दहा किलोचं एक वजन दारात ठेवलेलं होतं. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून.

मग त्यांनी आतून कात्रण मागवलं. तुझा लेख. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलाय. म्हणाले, “आता तुमीच आलाव तर तुमीच वाचा. मास्तराच्या तोंडून आयकावं म्हणतो.”

मी वाचला. मला वाचता येतं, वर्ग शांत बसायचा माझ्या वाचनाला. त्या वाक्यापाशी आलो आणि वाचलं: ‘हा शब्द मला मोंढ्यात कळला, दत्तराव मापाडी यांच्या तराजूपाशी.’ पुढे गेलो.

पंचफुला उंबऱ्यात गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “सर, दोन शब्द ऱ्हायले.”

“कोणते?”

“‘वर्गात नाही’ ऱ्हायलं. आमी दहांदा वाचलंय.”

“नजर चुकली असेल.”

“चष्म्याचा नंबर वाढला असंल,” ती म्हणाली, आणि सूप झटकलं.

मी ते वाक्य पुन्हा वाचलं. त्या दोन शब्दांसकट. माझ्याच आवाजात.

दत्तराव हसत होते. त्यांना त्या दोन शब्दांचं काही वाटलेलं दिसलं नाही. मी विचारलं, संघप्रियाला हा शब्द तुम्ही कसा सांगितला? ते म्हणाले, “म्या कशाचा सांगतो? तिनंच इचारलं. शाळेचा डगला घालून आली, आईला घ्यायला. म्हणली, काका, तराजूला जीभ असती का? म्या म्हणलं, जीभ माणसाला असती बाई, तराजूला काटा असतो. म्हणली, वाचनालयातल्या जाड पुस्तकात लिवलंय, तराजूची जीभ. म्या म्हणलं, पुस्तकवाल्यानं तराजू बघितला नसंल. तर ती काट्याकडं बघत बसली. तीन पोते होस्तोर तिथंच हुबी. म्या म्हणलं, आगं जा आता, आडत्या वरडायलाय.”

मग त्यांनी मला त्यांची पद्धत सांगितली. मी मोंढ्यात इतकी वर्षं ज्वारी घेतली, कधी नीट पाहिली नव्हती. पारडी हलायची थांबली की ते दोन्ही हात डोक्याच्या वर धरायचे. एका बाजूला शेतकरी, एका बाजूला आडत्या, दोघांना हात दिसले पाहिजेत. मग काटा बघायचा. मग माप बोलायचं. हात खाली असताना त्यांनी कधी माप बोललं नाही.

आणखीही काही बोलले. ते विषयाला सोडून होतं.

थोडक्यात, तू कोशात पाहिलंस आणि त्यांना विचारलंस. कोशाकडे तू गेलीस ती मी वर्गात शब्द काढल्यामुळे. तेव्हा मधला मार्ग असा सुचवतो: ‘हा शब्द मला वर्गातही कळला आणि मोंढ्यातही.’ माझं नाव आधी, त्यांचं नंतर. घटना त्याच क्रमाने घडल्या आहेत.

व्यंकटराव

ता. क. निघताना त्यांनी विचारलं, “पोरगी पत्र लिवती का तुमाला?” मी हो म्हणालो. चार ओळींचं म्हणून सांगितलं नाही. ते म्हणाले, त्यांना दर रविवारी फोन करतेस.


सेलू,
४ मार्च २०२५

संघप्रिया,

मधल्या मार्गावर तुझं उत्तर आलं नाही. येण्याआधी हे लिहितो.

दत्तराव विषयाला सोडून जे बोलले ते असं.

“पुन्यांदा एकदा आली व्हती. दहावीच्या निकालावर. पेढा द्यायला आली म्हणलं, तर पेढा दिला आन् तिथंच बसली. म्हणली, काका, काटा कमी दावतो का? म्या म्हणलं, काटा कायबी दावत न्हाई. वझं दावतं. कमी आलं तर समजायचं, कुणीतरी दांडीला बोट लावलं. म्हणली, कोण लावतं? म्या म्हणलं, ज्याला समोरच्याचं वझं सोसत न्हाई तो. मग म्हणली, शाळेतल्या कारकुनानं यादी दाखवली. समद्यायला अठरा, एकोणीस, वीस. तिला बारा.”

मी विचारलं, कुणी दिले म्हणाली?

“नाव न्हाई घेतलं. म्या बी न्हाई इचारलं. तुमाला ठावं असंल, तुमी शाळेतच व्हता.”

ते माझ्याकडे बघत नव्हते, रस्त्याकडे बघत होते. त्यांना ठाऊक आहे की नाही, मला सांगता येत नाही.

ते बारा मी दिले. तुला ते ठाऊक आहे. पण तू त्या परीक्षेत काय बोललीस ते मला आठवतं हे तुला ठाऊक नसेल.

इंग्रजीची तोंडी परीक्षा, वीस गुण. बाहेरच्या शाळेतले एक सर बसले होते. शेवटचा प्रश्न सगळ्यांना एकच: आवडता शब्द सांग आणि त्याची गोष्ट सांग. मुलांनी मदर सांगितलं, स्कूल सांगितलं. मैत्रेयीने रोझ सांगितलं. तू एक्झाम म्हणालीस. म्हणालीस, सरांनी सांगितलं याचा अर्थ वजन करणे, पण मोठ्या कोशात तसं नाही, त्यात तराजूची जीभ म्हटलंय, आणि तो आपला काटा. वजन करतो तो तराजू. काटा नुसता दाखवतो. त्याला स्वतःचं काही नको असतं. तुझं इंग्रजी अडखळत होतं. दोन ठिकाणी काळ चुकला. बाहेरच्या सरांनी पेन खाली ठेवलं.

“व्यंकटराव, हे मला ठाऊक नव्हतं. तुम्हाला होतं?”

मी हो म्हणालो.

मला ठाऊक नव्हतं. तेव्हा मला शिकवायला लागून अठ्ठावीस वर्षं झाली होती. तो शब्द मी दर वर्षी फळ्यावर लिहिला होता आणि एकदाही जाड कोशापर्यंत चालत गेलो नव्हतो. वाचनालय शाळेपासून पाच मिनिटांवर आहे.

ते तुझं कौतुक करू लागले तेव्हा मी म्हणालो, “मोंढ्यातली आहे. आई तिथं झाडते. तराजू रोजच बघते.” तू अजून टेबलापाशी उभी होतीस. तू ऐकलंस. मान खाली घातली नाहीस. त्याचाही मला राग आला.

तेव्हा अशी पद्धत होती की बाहेरून आलेले शिक्षक कोऱ्या तक्त्यावर सही करून जात आणि गुण आम्ही मागून भरत असू. ते चहा पिऊन बस धरायला गेले. मी तक्ता भरला. तुझ्या नावापुढे बारा लिहिले.

मैत्रेयी पुढे जावी म्हणून मी तसं केलं, असं मी सोळा वर्षं स्वतःशी म्हणत आलो. बापाने लेकीसाठी केलं म्हटलं की निम्मं माफ होतं. काल टाचणवही पुन्हा पाहिली. तोंडी परीक्षा वीस फेब्रुवारीला झाली. बोर्डाची मार्चमध्ये, निकाल जूनमध्ये. कोण पुढे, कोण मागे, फेब्रुवारीत कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या दिवशी माझ्या डोक्यात मैत्रेयी नव्हतीच.

तुझ्याबद्दल होतं ते. आणि ‘मोंढ्यातली’ हा शब्द मी नुसत्या जागेसाठी वापरला नव्हता, हेही तुला तेव्हाच कळलं असणार. मी स्वतःला तसा माणूस समजत नव्हतो. वर्गात सगळ्यांना एकाच बाकावर बसवायचो आणि त्याचं मला कौतुक होतं.



व्यं.


सेलू,
१० मार्च २०२५

संघप्रिया,

सोबत चार तारखेचं पत्र आहे. ते टाकलं नव्हतं. पाच दिवस सदऱ्याच्या खिशात होतं. रोज पोस्टापर्यंत जाऊन भाजी घेऊन परत यायचो. पद्मजाने विचारलं, एवढी मेथी कोण खाणार?

शनिवारी तिला सांगितलं. तिने गॅस बंद केला. मग म्हणाली, “म्हणजे मैत्रेयीचा सत्कार झाला, त्या दिवशी ती पोरगी टाळ्या वाजवत होती. मी पाहिलं होतं.”

मग मी मैत्रेयीला फोन केला. फोनवर नीट बोलता येत नाही, तरी बोललो. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, “बाबा, हे तिला सांगितलंत?”

“लिहून ठेवलंय.”

“पाठवलं?”

“नाही.”

“म्हणजे मला आधी सांगताय.”

“तू माझी मुलगी आहेस.”

“म्हणूनच म्हणते, ठेवा फोन. आधी तिला पाठवा. तोवर मला फोन करू नका.”

आणि तिनेच ठेवला. पहिलेपणाचं काय वाटलं, ते तिने सांगितलं नाही. मला विचारायचं होतं.

आता पुस्तकाचं. तू सांगाल तसा बदल करीन म्हणालीस, शब्द फिरवणार नाही म्हणालीस. म्हणजे तू मला पुन्हा एकदा कोरा तक्ता दिलास, खाली सही करून. ते तू मुद्दाम केलंस की नाही, मला कळत नाही. विचारणारही नाही.

तू मला विसरलीस असं मी धरून चाललो होतो. त्याचाच राग होता. तू विसरली नव्हतीस. माझं नाव लिहिलं असतंस तर बारा गुणही लिहावे लागले असते, म्हणून तू मला त्या लेखाच्या बाहेर ठेवलंस. आणि मी मागच्या महिन्यापासून दार वाजवतोय की मला आत घे.

‘वर्गात नाही’ हे शब्द आहेत तसे ठेव. ते खरे आहेत.

माझं नाव नको, असं म्हणणं आता सोपं आहे. त्यातही मोठेपणा मिळतो. म्हणून तसं म्हणत नाही. खालच्या ओळी लिहून सही करून देतो. त्या पुस्तकात घाल, तळटीप म्हणून घाल, फाडून टाक. मी विचारणार नाही, पुस्तक आलं की पानही उघडून बघणार नाही, असं लिहिणार होतो. पण बघेन.

‘फेब्रुवारी २००९ मध्ये संघप्रियाने हा शब्द तोंडी परीक्षेत सांगितला. तो मला ठाऊक नव्हता. ठाऊक असल्याचं मी सांगितलं आणि तिला वीसपैकी बारा गुण दिले. तिचे गुण वीस होते. व्यंकटराव, इंग्रजीचे शिक्षक, सेलू.’

वीस हे मी आज ठरवलेले नाहीत. काळ दोन ठिकाणी चुकला होता, त्याचे गुण त्या परीक्षेत कुणाचेच कापले नव्हते.

माफी मागत नाही. ती मागितली की तुला काहीतरी द्यावं लागेल.

काल रविवार होता. मी मोंढ्यामागच्या गल्लीतून गेलो. तिकडून जायचं कारण नव्हतं. दत्तराव ओट्यावर होते, फोन कानाला लावून मोठमोठ्याने बोलत होते. “आगं जेवली का न्हाई ते सांग आधी,” म्हणत होते. पलीकडे तू असणार. त्यांनी मला हात केला, या म्हणून. मी घाईत असल्यासारखं दाखवलं आणि पुढे गेलो.

हे सगळं लिहून झाल्यावर तरी त्यांचा हेवा जाईल असं वाटलं होतं. गेला नाही. गल्लीच्या टोकाशी थांबून, फोन किती वेळ चालतो ते बघत मी उभा होतो.

हेही तुला ठाऊक असावं.

व्यंकटराव